चार नंबरचं गेट

आमच्या स्टेडियममध्ये क्रिकेट हा जोडधंदा आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी माझ्याशी वाद घालायला नको. मूळ धंदा म्हणजे बाकी सगळं. सभा, सर्कस, पोलीसभरतीच्या धावण्याच्या चाचण्या, अवजारांचं प्रदर्शन, शाळांच्या कवायती, कुत्र्यांची स्पर्धा, मतमोजणी, लसीकरण, आणि गावातलं कुणी बडं माणूस गेलं की त्याचं शेवटचं दर्शन. या सगळ्यातून गवत वाचलं आणि कुणाला दुसरं काही सुचलं नाही, तर मग क्रिकेट.

हे मी ऐकीव सांगत नाही. या सगळ्याला तोंड माझं आहे. पॅव्हेलियनच्या माथ्यावर एक काचेची खोली आहे, तिच्यात माईक आहे आणि माईकपुढे मी आहे. लोक मला भोंगा म्हणतात. म्हणू देत. गंमत अशी, की गावात माझा आवाज ओळखत नाही असा माणूस नाही आणि चेहरा ओळखतो असा माणूस शोधावा लागेल. दुकानात जाऊन साबण मागितला की दुकानदार दचकून वर बघतो, मग म्हणतो, कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय. मी सुट्टे पैसे घेऊन घरी येतो. घर म्हणजे लॉन्ड्रीवरची एक खोली. लग्न राहून गेलं. का राहिलं ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही. दर रविवारी कशाची ना कशाची घोषणा असायची, एवढं आठवतं.

या जागेवर आधी वीटभट्टीचा खड्डा होता. विटांसाठी माती काढून काढून एवढा मोठा झाला, की भट्टी बंद पडल्यावर त्याचं करायचं काय हे कुणाला कळेना. मग पडक्या घरांचा राडारोडा टाकून तो बुजवला, वर आणखी भराव घालून उंच केला आणि त्यावर मैदान केलं. लोकांनी तिथे कचरा टाकू नये म्हणून राखणदार नेमला, तो आमचा बाप. कुंपणाच्या भिंतीला टेकून एक खोली होती, तिच्यात आम्ही दोघे भाऊ वाढलो. भिंतीमागून पॅव्हेलियन उठलं, मग एकेक करून स्टँड. बापाला वाटायचं, हे सगळं त्याच्या देखरेखीखाली चाललंय. इंजिनियर आला की तो छाती काढून पुढे पुढे चालायचा आणि इंजिनियर त्याला पाणी आणायला पाठवायचा.

मी वर गेलो तो अपघाताने. सर्कस आली होती, घोषणा करणारा रेडिओ दुरुस्तीवाला घसा धरून बसला होता आणि कुणीतरी मला ढकललं, की याचा आवाज बापासारखा आहे, लांबून कुत्री पळतात. त्या दिवशी मी हरवलेली पाचसहा पोरं आईबापांकडे पोचवली आणि माईक माझ्याकडेच राहिला. धाकटा मात्र खाली गवतातच राहिला. त्याला पोरपणापासून माती हुंगायची खोड. पुढे तो मैदानाचा मुख्य माळी झाला आणि त्याचं नाव पडलं रोलर. ढकलल्याशिवाय हलत नाही आणि एकदा हलला की थांबत नाही, म्हणून. भोंगा आणि रोलर. बापाने पोरं जन्माला घातली होती की सामान, असं लोक विचारायचे.

मोठा म्हणावा असा सामना इथे एकच झाला आणि त्यातला निम्मा पावसात गेला. तरी लोक अजून त्याचंच सांगतात. मला विचाराल तर हे स्टेडियम खरं उपयोगी पडलं ते पुराच्या वेळी. नदी गावात शिरली तेव्हा उंचावर म्हणावं असं हेच होतं. स्टँडखाली चुली पेटल्या, पाहुण्या संघाच्या खोलीत एक बाई बाळंत झाली, आणि मी सकाळपासून आवाज बसेपर्यंत नावं वाचत होतो. अमुक इथे आहेत, त्यांच्या माणसांनी यावं. तमुक इथे आहेत, त्यांच्या माणसांनी यावं. खालून कुणीतरी धावत जायचं, कुणीतरी कुणाच्या तरी गळ्यात पडायचं. मला वरून सगळं दिसायचं. एवढं सुख मला पुढे कधी झालं नाही, खोटं कशाला बोलू.

आता चार नंबरच्या गेटाबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. एवढी माणसं एका जागी बसली, की त्यांच्यातल्या कुणाच्या ना कुणाच्या घरी काहीतरी होतंच. शेजारीपाजारी निरोप घेऊन येतात, रखवालदार माझ्याकडे चिठ्ठी पाठवतो, मी नाव पुकारतो. सुरुवातीला सगळ्यांनाच एक नंबरच्या मोठ्या गेटापाशी बोलवायचो. एकदा एक माणूस तिथे, फुगेवाले आणि तिकिटांच्या रांगेच्या ऐन गर्दीत, बापाची बातमी ऐकून खाली बसला आणि लोक काय झालं काय झालं करत त्याच्या अंगावर चढले. तेव्हापासून मी ठरवलं. किल्ली विसरली, गाडी आडवी लावली, पोर सापडलं, असलं सगळं एक नंबरवर. आणि घरचं कुणी गेलं असेल तर चार नंबरवर. ते गेट मागच्या गल्लीत उघडतं. तिथे शाळेची भिंत आहे, एक बाक आहे, एक नळ आहे. माणसाला रडायला बरं. चिठ्ठीवर कारण लिहायचं नाही, फक्त नाव आणि खाली चारचा आकडा. मी म्हणायचो, अमुक यांनी असाल तिथून चार नंबरच्या गेटापाशी यावं, सावकाश यावं.

मला वाटलं होतं हे माझ्यात आणि रखवालदारात राहील. पण लोक काय दूधखुळे असतात का? वर्षभरात गावाला कळलं. चार नंबर म्हटलं की स्टेडियम गप्प व्हायचं. धावत आलेला बोलर चेंडू हातात धरून थांबायचा. ज्याचं नाव त्याला वाट द्यायला रांगेतले सगळे गुडघे आत घ्यायचे आणि तो माणूस कुणाकडे न बघता पायऱ्या उतरायचा. सभेत पुढारीसुद्धा तेवढा वेळ तोंड मिटायचा, ही माझी कमाई. वाईट बातमी म्हणजे भोंग्याचा आवाज, हे या गावात पक्कं झालं. कुणी समोरून चालत आलं तर लोक घाबरत नाहीत, पण भोंगा खाकरला की छातीत धस्स होतं.

मी वरून बघायचो आणि माझ्या मनात एकच यायचं. माझ्या नावाची चिठ्ठी कोण आणणार? आणि आणली तरी पुकारणार कोण?

म्हणजे मला कुणी नव्हतं असं नाही. भाऊ होता, दिसत होता, रोज दिसत होता. बोलत नव्हता.

झालं असं. कसलीशी मोठी सभा होती. मंडपवाल्यांचे ट्रक बाहेर खोळंबले होते. आदल्या रात्री पाऊस पडून गेलेला, आणि धाकट्याने पश्चिमेच्या बाजूला नवीन गवत लावून दोरी बांधून ठेवलेली. ऑफिसातून मला चिठ्ठी आली, ट्रक आत घ्या. मी वाचली. वाचणं माझं काम आहे, ठरवणं माझं काम नाही, हे मी तेव्हाही म्हणालो आणि आजही म्हणतो. धाकटा पहिल्या ट्रकपुढे दोन्ही हात पसरून उभा राहिला. ऑफिसातून पुन्हा फोन आला, मी पुन्हा वाचलं. ट्रक आत गेले. त्यांच्या चाकांच्या चऱ्या एवढ्या खोल, की त्यात उभं राहिलं तर पाय दिसला नसता.

संध्याकाळी तो वर माझ्या खोलीत आला. वायरमन होता, शिपाई होता, त्यांच्यादेखत म्हणाला, देवाने तुला गळा दिला पण डोळे द्यायचे विसरला. मी म्हणालो, गवतच आहे ना, बाप मेल्यासारखं काय करतोस? आता बाप त्याच वर्षी गेला होता, हे खरं. पण ती म्हणायची एक पद्धत आहे, सगळेच म्हणतात. तो माझ्याकडे बघत राहिला आणि खाली गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बंद म्हणजे अगदीच बंद नाही. मला काम करावंच लागायचं. ढग आले की मी माईकवर म्हणायचो, मैदान कर्मचाऱ्यांनी कृपया कव्हर घालावीत. मध्यंतरात म्हणायचो, मैदान कर्मचाऱ्यांनी कृपया रोलर फिरवावा. मदतीला असलेच तर दोघेतिघे रोजंदारीवर, नाहीतर मैदान कर्मचारी म्हणजे तो एकटाच. सख्ख्या धाकट्या भावाला मी बहुवचनात बोलवत होतो, कृपया लावून. तो वर न बघता एक हात उचलायचा. कळलं, एवढंच. असे कित्येक दिवस गेले, की दिवसभरात माझ्याशी कुणी केलेलं बोलणं म्हणजे तो उचललेला हात. मी वाट बघायचो त्याची. कधीकधी गरज नसताना रोलर फिरवायला सांगायचो.

दोघांच्या मध्ये धावायची ती माझी भावजय. शिवणकाम करायची. खुर्च्यांच्या गाद्या, मंडपाचे पडदे, खेळपट्टीमागचा पांढरा पडदा, सगळं तिच्या मशीनवरचं. रस्त्यात गाठून मला झाडायची. मोठे भाऊजी, तुम्ही दोघं भाऊ नाही, दोन गेटं आहात, एक उघडलं की दुसरं बंद, असं म्हणायची. मी म्हणायचो, त्याने यावं, मी मोठा आहे. ती म्हणायची, तोही हेच म्हणतो, मी लहान आहे, त्याने यावं. कुणीतरी एकाने चालत जायला हवं हो, माझे गुडघे गेले आता तुमच्यामध्ये धावून. मी हसण्यावारी न्यायचो. पण सामन्याच्या दिवशी माझ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर कापडात बांधलेला डबा असायचा. कोणी ठेवला ते बघायला मी कधी खाली डोकावलो नाही. माहीत होतं.

त्या दिवशी एका बँकेचा आणि एका गिरणीचा संघ खेळत होता. प्रेक्षक म्हणजे खेळाडूंचे नातेवाईक, काही पेन्शनर आणि सावलीला आलेले लोक. चहापान लागलं. खेळाडू आत गेले, धाकटा खेळपट्टीवर आला. बोलरच्या पायांनी पडलेले खड्डे ओली माती घालून बुजवायचे, धुमसाने ठोकायचे, चुन्याची रेघ पुन्हा मारायची, हे तो दुसऱ्या कुणाला करू देत नसे. मी डबा उघडला होता. निम्मा संपला होता. तेवढ्यात रखवालदार स्वतः वर आला. तो कधी वर येत नाही, त्याला दमा आहे. त्याने चिठ्ठी टेबलावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून उभा राहिला. मी हात बाजूला केला. लिहिलं होतं, आपला रोलर. खाली चार.

त्याच्या घरी एकच माणूस होतं.

रखवालदार हळू आवाजात सांगत होता. शेजारी गाडी घेऊन आलेत. मशीनवर बसल्या बसल्याच मान टाकली, दवाखान्यात नेलं, पण नेण्याआधीच संपलं होतं. मी ऐकत होतो आणि माझ्यापुढे तिच्या हातचा डबा उघडा होता. मी झाकण लावलं. मग माईकचं बटण दाबायला बोट नेलं आणि ते बोट काही केल्या खाली जाईना. किती जणांना मी त्या गेटावर पाठवलं, कधी थरथरलो नाही. पण इतकी वर्षं माझ्या तोंडून त्याच्या कानात फक्त हुकूम गेले होते. कव्हर घाला, रोलर फिरवा. आता याच तोंडाने, सगळ्यांच्या देखत, हे? रखवालदार म्हणाला, मी सांगून येऊ का? मी म्हणालो, नको. मी जातो.

जिना उतरलो. पॅव्हेलियनच्या दारातून बाहेर पडलो तेव्हा कुणीतरी मागून हटकलं, की ओ आजोबा, मैदानात कुठे? त्याला वाटलं कुणी वाट चुकलेला पेन्शनर. सीमारेषेपाशी थांबलो. मैदानात बूट घालून गेलं की धाकटा कलेक्टरलाही सोडत नाही, हे मला ठाऊक होतं, म्हणून बूट काढले. एवढंच कारण होतं, दुसरं काही नाही. मोज्याला अंगठ्यापाशी भोक. तसाच चालत निघालो. ट्रकच्या त्या भानगडीनंतर मी गवतावर पाय ठेवला नव्हता. वरून ते सतरंजीसारखं सपाट दिसतं. चालायला लागल्यावर कळलं की मध्याकडे चढ आहे.

तो पाठमोरा गुडघ्यांवर बसला होता. धुमस ठोकत होता. माझी सावली मातीवर पडली तेव्हा त्याने मान वळवली, मग आधी माझे मोजे पाहिले आणि मग मला.

"दादा?"

मी मान हलवली.

"चालत आलास? बूट काढून?"

आणि तो हसला. मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण ते वरून, लांबून, दुसऱ्या कुणाशी. गुडघ्यावर हात टेकून तो उठला. त्याचे केस कधीच पांढरे झाले होते, तेही मला वरून टोपीमुळे दिसलं नव्हतं. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं होतं मी. पण त्याने मातीचा हात माझ्या दंडावर ठेवला आणि बोलायला लागला, आणि रोलर एकदा हलला की काय होतं ते मी सांगितलंच आहे.

"ती म्हणायची, येईल बघ एक दिवस चालत. मी म्हणायचो, तो? तो माफी मागेल तीसुद्धा माईकवरून, मैदान कर्मचाऱ्यांची, कृपया लावून." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं इतका तो हसला. मग म्हणाला, की ते पश्चिमेचं गवत पुढच्याच हंगामात आलं होतं, पहिल्यापेक्षा दाट. मला ते सांगावंसं त्याला वाटलं होतं. पण मी वर आणि तो खाली, सांगणार कसं? मग बापाचं निघालं. मग आमच्या भिंतीकडच्या खोलीचं, जिथे आता जनरेटर ठेवलाय. मग डब्याचं. मी कसाबसा म्हणालो, तिने फार केलं माझं, दर सामन्याला डबा. तो म्हणाला, "तिने केला. पण तुझ्या जिन्यापर्यंत कोण आणायचं? तिचे गुडघे चालतात का एवढे? दरवेळी मीच ठेवून जायचो. तू एकदासुद्धा खाली डोकावला नाहीस रे."

मी उभा होतो. माझ्यापुढे माझा भाऊ होता आणि तो माझ्याशी बोलत होता. आत्ता सांग, आत्ता सांग, असं मी स्वतःला बजावत होतो. आणि दरवेळी वाटत होतं, हे एवढं वाक्य होऊ दे. मग अजून एक. एकदा मी सांगितलं की हे संपणार होतं, तो चेहरा जाणार होता, आणि माझ्याकडे बघून तो पुन्हा कधी असा हसेल याची खात्री कुणी देत नव्हतं. मला ते ऐकायचं होतं. स्वतःसाठी ऐकायचं होतं, दुसरं काही कारण देता येत नाही. पॅव्हेलियनमधून बेल झाली. चहापान संपलं.

"चल, जा वर," तो म्हणाला. "संध्याकाळी घरी ये. पण एकदम आत येऊ नकोस. जिन्यात थांब. मी आधी जातो आणि म्हणतो, एक ताट जास्त घे. ती विचारेल कुणाचं. मग तू ये. तिचं तोंड बघायचंय मला."

अंपायर पायऱ्या उतरत होते. ज्या घशाने पुरात अख्ख्या गावाची नावं वाचली, त्यातून आवाज निघाला तो मलाच ओळखू आला नाही.

"धाकट्या, चार नंबरवर चल."

तो अजून हसतच होता. "कुणाला न्यायचंय? कुणाचं गेलं?"

"आपलं."

मग मी सांगितलं. शेजारी आलेत. ती मशीनवर बसली होती. दवाखान्यात नेलं पण काही उरलं नव्हतं. तो ऐकताना माझ्या तोंडाकडे बघत होता. हसू लगेच गेलं नाही, हे सगळ्यात वाईट. ते तसंच राहिलं, आणि त्याच्या खालचा माणूस निघून गेला. अंपायर येऊन काही पावलांवर उभे राहिले होते.

"तुला कधी कळलं?"

"चहापान लागलं तेव्हा. चिठ्ठी आली."

"मग पुकारलं का नाहीस? सगळ्यांना पुकारतोस. मी काय वेगळा?"

"जमलं नाही."

"आणि इथे येऊन? इतका वेळ?" त्याने माझा दंड सोडला. दंडावर त्याच्या बोटांची माती तशीच राहिली. "मी हसत होतो, दादा. ती तिकडे पडलीय, आणि तू मला हसू दिलंस."

"तू बोलत होतास," मी म्हणालो. "इतक्या वर्षांनी बोलत होतास."

त्याने वाकून धुमस उचललं, ते खेळपट्टीवर पडून राहू नये म्हणून बाजूला गवतात नेऊन आडवं ठेवलं, आणि चालायला लागला. मी मागे. तो सरळ चार नंबरकडे निघाला तशी आधी पॅव्हेलियनच्या बाजूची माणसं उठली, मग बाकीची. माईकवरून कुणी एक शब्द बोललं नव्हतं. तरी सगळं गप्प झालं. पायऱ्यांवर खेळाडू बॅट घेऊन थांबले. मी इतकी वर्षं हे वरून पाहत होतो. ती शांतता खालून किती जड असते हे मला माहीत नव्हतं. त्यातून चालताना आपल्या पावलांचाही आवाज होऊ नये असं वाटतं, आणि मला तर मोज्यांत आवाजच नव्हता.

गेटाबाहेर शेजाऱ्यांची गाडी उभी होती. बायका होत्या, एकीने त्याला धरलं, एकीने पाणी दिलं. त्याने नळावर हात धुतले, माती निघेपर्यंत धुतले, मग गाडीत मागे जाऊन बसला. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं आणि मला सांगायचं धाडस होत नव्हतं. मी बाकापाशी उभा राहिलो. मला वाटलं, आता गाडी जाईल आणि मी वर जाईन. पुढची ओव्हर कोण टाकतोय ते सांगायचं असेल.

गाडी सुरू झाली. तो माझ्याकडे न बघता आत सरकला.

"बस," तो म्हणाला. "आणि तिथे पोचेपर्यंत एक शब्द काढू नकोस."

मी बसलो. नाही काढला.